ग्रेसलँडचा ट्रिब्यूट शो करतोय बडोद्यात, पण बेस, झुलू आणि बॉयकॉट तिन्हीकडे गाडी अडकलीये

दांडियाबझार_कीबोर्ड:

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचा सात जणांचा ग्रुप आहे, पाच मराठी, एक गुजराती, एक मल्याळी, सगळे नोकरदार, शनिवार-रविवार वाजवणारे. आतापर्यंत लग्नातली संगीत आणि गणपतीत जुनी हिंदी गाणी एवढंच केलंय. या वर्षी म्हटलं एकदा तरी स्वतःला आवडतं ते करू, कोणी येवो न येवो. अमेरिकन गायक पॉल सायमनच्या ग्रेसलँड या अल्बमला या ऑगस्टमध्ये ४० वर्षं होतायत, तर अख्खा शो त्याचाच. मला ही गाणी मामामुळे लागली, तो ८८ साली अमेरिकेहून आला तेव्हा टँगचा डबा, तीन साबण आणि ही कॅसेट घेऊन आला, साबण संपले, कॅसेट राहिली आणि आमच्याकडे दिवाळीची साफसफाई वर्षानुवर्षं त्या कॅसेटवर झाली. आईला एक शब्द कळायचा नाही पण माळा झाडताना ती बेस गुणगुणायची. गाणं नाही हं, बेस.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन. सायमनचा १९८३ चा रेकॉर्ड पडला होता, तेव्हा त्याच्या हातात साउथ आफ्रिकेतल्या टाउनशिपच्या (काळ्यांच्या वेगळ्या वस्त्यांच्या) अकॉर्डियन गाण्यांची एक कॅसेट आली, ती त्याच्या गाडीत सारखी वाजायला लागली आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये हा माणूस रॉय हाली या आपल्या साउंड इंजिनियरला घेऊन थेट जोहान्सबर्गला जाऊन पोचला. तिथल्या वादकांबरोबर आधी नुसतं वाजवलं, टेपा भरल्या, शब्द नंतर न्यूयॉर्कला बसून त्यावर चढवले. आपल्याकडे तयार चालीवर गीतकाराला लिहायला बसवतात तसंच. १९८७ ला त्याला अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी मिळालं.

आता अडचण. आमचा बेसवाला 'यू कॅन कॉल मी अल' मधला तो मधला तुकडा, दोनच बारचा असेल, दीड महिना घासतोय आणि आता म्हणतो की गाणंच काढून टाका. ते काढलं तर शोला अर्थ काय? दुसरं, 'होमलेस' हे सगळं आवाजांवर आहे, वाद्य एकही नाही, आमच्यात धड गाणारे तीन आणि झुलू ही तिकडची भाषा येणारे शून्य. यूट्यूबवर ऐकून देवनागरीत लिहून काढलंय, ते वाचून माझ्या नवऱ्याने विचारलं की हा कुठला मंत्र. आणि तिसरं म्हणजे निवेदन मी करणार आहे, तर त्या बॉयकॉटच्या भानगडीबद्दल (वर्णद्वेषामुळे कलाकारांनी साउथ आफ्रिकेला जायचं नव्हतं आणि हा गेला) बोलायचं का नाही? ज्यांचा हॉल घेतलाय (नाव नको, लहान हॉल आहे, अकोट्याचं नगरगृह आपल्या खिशाबाहेर) त्यांनी स्पष्ट सांगितलं की गाणी म्हणा, राजकारण नको. वर त्यांनी स्वतःच बॅनर छापून आणलाय, 'आफ्रिकन नाइट', त्यावर एक सिंह आणि दोन जिराफ. जिराफ!!

कोणाला काही सुचतंय का?

बिनपडद्याचा:

बेसवाल्याला आधी सांग की रडू नकोस, तो तुकडा माणसाने एका दमात वाजवलेलाच नाहीये. रेकॉर्डवरच्या बेसवाल्याने, बाकिथी कुमालोने, पहिला अर्धा वाजवला आणि पुढचा अर्धा म्हणजे तीच टेप उलटी फिरवून जोडलीये. म्हणून तो पाण्यातल्या पडछायेसारखा वाटतो, गेला तसाच परत आला. तुझा माणूस दीड महिना टेपरेकॉर्डरशी कुस्ती खेळतोय. स्टेजवर बाकिथी स्वतः दोन्ही अर्धे हाताने वाजवतो, पण रेकॉर्डसारखंच यावं असा हट्ट तोही धरत नसावा, तर तुम्ही कशाला धरता? पहिला अर्धा स्वच्छ वाजवा, दुसऱ्यात सूर बरोबर पडले आणि समेवर आलात की झालं, बडोद्यात कोणी मोजायला बसलेलं नाही.

खरी गोष्ट वेगळीच आहे. तो फ्रेटलेस बेस आहे, पडदेच नाहीत त्याला. सतारीवर आणि सरोदवर जो फरक तोच. ती घसरत जाणारी मींड फ्रेटवाल्या बेसवर येणारच नाही, कितीही घास. माझ्याकडे एक आहे, म्हणजे कॉलेजात असताना स्वस्तातल्या बेसचे फ्रेट पकडीने उपटले, भेगांत लाकडाचा भुसा आणि फेविक्विक भरलं, वडील तीन दिवस बोलले नव्हते. चालतो अजून. घेऊन जा, पण तारा पुसून परत दे.

आणि बाकीच्यांनाही एक सांग. हे लोक जे वाजवतात त्याला मबकांगा म्हणतात, म बोलायचा आणि बोलायचा नाही असा. झुलूत मबकांगा म्हणजे मक्याच्या पिठाचं घट्ट रटरटीत, आपल्या घाट्याचा चुलतभाऊ, रोजचं पोटभरीचं. त्यात बेस मागे उभा राहून साथ करत नाही, तोच गातो, गिटार त्याच्याभोवती बारीक विणकाम करते. तुझ्या आईने बेस गुणगुणला ना, तिला सगळ्यात आधी कळलं होतं. मिक्सरवर बेस वर ठेवा, आत्ता ठेवता त्याच्या दीडपट. मागे एका शोला साउंडवाल्याने माझा बेस असा दाबला होता की बायको समोर बसून म्हणाली तू आज नुसता उभा का होतास.

गिटारवाल्याला रे फिरी ऐकायला लाव. स्टिमेला नावाच्या बँडचा माणूस, २०१७ मध्ये गेला. 'ग्रेसलँड' या गाण्यात मध्येच एक मायनर कॉर्ड येते, तिथल्या संगीतात ती अशी सहसा येत नाही, सायमनने विचारलं ही कुठून आणलीस तर फिरी म्हणाला तुझ्या गाण्यांची नक्कल करत होतो. म्हणजे अमेरिकन माणूस आफ्रिकन व्हायला गेला होता आणि आफ्रिकन माणूस त्याच वेळी अमेरिकन होत होता. मला त्या अख्ख्या रेकॉर्डमध्ये तेवढी एक कॉर्ड सगळ्यात आवडते.

फतेहगंज_पोरगा:

हा अल कोण पण? आणि गाण्यातली ती बेटी?

बिनपडद्याचा:

पियर बुलेझ नावाचा मोठा फ्रेंच कंपोझर एका पार्टीत निघताना सायमनला 'अल' आणि त्याच्या तेव्हाच्या बायकोला, पेगीला, 'बेटी' म्हणून गेला. झालं गाणं. आपल्याकडे असतं तर दोन पिढ्या अबोला धरला असता.

दरबानहून_परत:

मी नऊ वर्षं दरबानला होते, यांची नोकरी होती, आता कायमची अलकापुरीत. झुलू मला फडाफडा येत नाही पण भाजीवालीशी भांडण्याइतपत यायचं. देवनागरीत लिहून काढलंस हे उत्तम केलंस, रोमनपेक्षा आपल्या लिपीत ते जास्त नीट बसतं, कारण त्यांच्यात क आणि ख, प आणि फ असे श्वासाचे फरक आहेत आणि ते आपल्या जिभेला आयते येतात. इंग्रजी गायकांची तिथेच दमछाक होते.

राहिले ते टिचकीचे उच्चार. घाबरू नकोस, तिन्ही तुला येतात, फक्त अक्षर म्हणून कधी वापरले नाहीस. रोमनमध्ये सी लिहितात तो म्हणजे आपण वाईट वाटलं की दातामागे जीभ लावून 'च्च च्च' करतो तो. एक्स म्हणजे टांगेवाला घोड्याला हाकताना गालाच्या कडेने जो आवाज काढतो तो. आणि क्यू म्हणजे बाटलीचं बूच उडाल्यासारखा, टाळूवरून जीभ खाली आपटायची. माझी सासू तिकडे आली होती तेव्हा पहिल्याच दिवशी शेजारणीचं बोलणं ऐकून म्हणाली, ही बाई सारखी हळहळते का गं? तिच्या घरी कोणी गेलंय का?

तुम्ही ज्या प्रकारचं गाणं करताय त्याचं नाव इसिकाथामिया असं लिहिलेलं दिसेल, पण तो 'का' नाही, तिथे 'च्च' आहे, इसि-च्च-अथामिया. अर्थ साधारण दबक्या पावलांनी चालणं, मांजर शिकारीवर जाते तसं. खाणीत आणि कारखान्यात कामाला आलेली गावाकडची माणसं, बायकापोरं मागे, राहायला एकेका खोलीत कितीतरी जणांचं होस्टेल, तिथे शनिवारी रात्री हे गायचे, स्पर्धा लावायचे, कडक इस्त्रीचे कपडे घालून चवड्यांवर नाचायचे, पाय आपटायचा नाही. म्हणून ते गाणं मोठ्याने म्हणू नका. बॅनरवर सिंह आहे म्हणून डरकाळी फोडायची गरज नाही. (तसा सिंहाचा संबंध आहे बरं का, याच्या आधीच्या दणदणीत प्रकाराला म्बुबे म्हणतात, आणि म्बुबे म्हणजे सिंह. जिराफाचं मात्र मी काही करू शकत नाही.)

लेडीस्मिथ ब्लॅक मम्बाझो, ज्यांनी ते गाणं सायमनबरोबर लंडनला ॲबी रोडमध्ये भरलं, त्यांच्या नावातच सगळं आहे. लेडीस्मिथ हे गाव, ब्लॅक म्हणजे काळे बैल, शेतावरचे सगळ्यात ताकदवान, आणि मम्बाझो म्हणजे कुऱ्हाड, स्पर्धेत समोरच्याला छाटणारी. जोसेफ शबालालांचं हे सगळं, ते २०२० मध्ये गेले. आणि लेडीस्मिथच्या जवळच स्पिऑन कॉपची टेकडी आहे, जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात गांधीजी आणि त्यांची हिंदी तुकडी तिथे जखमींचे स्ट्रेचर वाहत होती. गुजरातेत शो करताय तर हे सांगायला हरकत नाही, याला कोणी राजकारण म्हणणार नाही!

तुझे कागद मला पाठव, मी उच्चार खुणा करून देते.

टाळकरी_रावपुरा:

पोरी, मी वयाने मोठा म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस. ६८ चालू आहे. नातवाने ही चर्चा दाखवली आणि ते गाणं ऐकवलं. दोनदा ऐकलं.

हे तर आमचंच आहे की. एक पुढचा बुवा चाल सांगतो, मागचे सगळे धरतात, बुवा मध्येच बोलल्यासारखं काहीतरी घालतो, मागचे ढळत नाहीत. फरक एवढाच की आमच्याकडे टाळ आणि पखवाज आहे आणि आम्ही पाऊल दणकून टाकतो. आणि दुसरा म्हणजे त्यांच्यात खालच्या आवाजाचे लोक किती! नातू सांगतो सात जण नुसते खर्जात असतात, वरचे एकेक. आमच्या मंडळात उलटं आहे, सगळ्यांना वरचा षड्ज लावायचाय, वय झालं तरी.

तर सांगायचं असं की तुला तीनच गाणारे आहेत म्हणतेस, आमच्या भजनी मंडळात खर्जाचे पाच जण मिळतील, त्यातल्या दोघांना रात्री नऊनंतर घरून परवानगी नाही. शब्द नाही येणार, पण मागे धरून ठेवायचं, 'ऊ' आणि 'म' वर, एवढं आम्हाला चाळीस वर्षांच्या सवयीने येतं. तुम्हाला फावत असेल तर तालमीला बोलवा. मंगळवार सोडून.

आणि एक. हे फ्यूजन फ्यूजन जे चाललंय ते बडोद्याला कोणी शिकवू नये. सयाजीराव महाराजांच्या काळात मौलाबक्षांची गायनशाळा १८८६ ला सुरू झाली, सूरसागराशेजारी आज जी परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे ती तीच. तुझ्या रेकॉर्डच्या बरोबर १०० वर्षं आधी. मौलाबक्षांनी आपल्या संगीतासाठी स्वतःचं नोटेशन बसवलं. त्यांचा नातू इनायत खान, इथेच वाढला, १९१० ला वीणा घेऊन अमेरिकेला गेला. तिकडून कोणी आफ्रिकेत जायच्या किती आधी इथून कोणी तिकडे गेलं होतं ते बघ. हे निवेदनात घाल. हॉलवाले खूश होतील आणि पुढचं ऐकून घेतील.

उलटतपासणी:

काका भारी. बाकी सगळं गोड गोड चाललंय म्हणून मी जरा मीठ टाकतो.

बॉयकॉटबद्दल बोलायलाच पाहिजे. युनायटेड नेशन्सने डिसेंबर १९८० मध्ये ठराव करून कलाकारांना सांगितलं होतं की तिकडे जाऊ नका, वर्णद्वेषी सरकारशी सांस्कृतिक संबंध नकोत. सायमन गेला. त्याची बाजू अशी की मी तिथल्या सन सिटी रिसॉर्टमधल्या शोच्या ऑफर नाकारल्या होत्या, मी तिथे शो करायला नाही तर काळ्या वादकांबरोबर काम करायला गेलो, त्यांच्या युनियनने होकार दिला, आणि न्यूयॉर्कच्या युनियन दराच्या तिप्पट पैसे दिले. विरोधकांची बाजू अशी की बॉयकॉट म्हणजे बॉयकॉट, प्रत्येकजण आपापला अपवाद काढायला लागला तर तो उरतो कुठे, आणि परवानगी विचारायची होती ती आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला, ती विचारलीच नाही. एप्रिल १९८७ ला लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलबाहेर निदर्शनं झाली, बिली ब्रॅग, पॉल वेलर, जेरी डॅमर्स या तिथल्याच गायक-संगीतकारांनी माफी मागायला सांगितली. आत स्टेजवर कोण होतं? साउथ आफ्रिकेचीच गायिका मिरियम मकेबा आणि ट्रम्पेटवाला ह्यू मसेकेला, दोघंही स्वतः देशाबाहेर काढले गेल्यासारखे, मकेबाचा तर पासपोर्ट १९६० लाच रद्द केला होता. म्हणजे आत पण वर्णद्वेषाविरुद्ध, बाहेर पण वर्णद्वेषाविरुद्ध. मला विचाराल तर मी बाहेर उभा राहिलो असतो आणि घरी येऊन रेकॉर्ड ऐकला असता.

आणि हे आपल्याला परकं नाही. १९४६ ला साउथ आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश आपला. १९७४ ला डेव्हिस कपच्या फायनलला पोचून, अमृतराज बंधू फॉर्मात असताना, समोर साउथ आफ्रिका आहे म्हणून आपण खेळलोच नाही, कप त्यांना फुकट गेला. माझ्या आजोबांच्या पासपोर्टवर छापलेलं होतं की हा साउथ आफ्रिकेसाठी चालणार नाही. त्या हॉलवाल्यांच्या आजोबांच्याही पासपोर्टवर असेल, विचार त्यांना.

दुसरं, ट्रिब्यूट कोणाला? पोस्टरवर फक्त सायमनचा फोटो असेल तर जिराफ परवडला. रेकॉर्डच्या लेबलवर बघ, 'होमलेस' वर आणि 'डायमंड्स' वर शबालालांचं नाव सहलेखक म्हणून आहे, 'द बॉय इन द बबल' वर लेसोथोच्या फोरेरे मोट्लोहेलोआचं आहे, अकॉर्डियनवाला. हे सायमनने केलं, मान्य. पण त्याच रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यावरून लॉस लोबोस या अमेरिकन बँडवाल्यांनी उघड तक्रार केली की चाल आमची आणि नाव त्याचं एकट्याचं. आणि त्याच्या आधीचा इतिहास बघितला तर अंगावर काटा येतो. साउथ आफ्रिकेच्या सॉलोमन लिंडाने १९३९ ला 'म्बुबे' भरलं, हक्क १० शिलिंगला गेले, अमेरिकन गायक पीट सीगरने रेकॉर्ड ऐकून शब्द चुकीचे पकडले म्हणून 'विमोवे' झालं, १९६१ ला टोकन्स नावाच्या ग्रुपने तेच इंग्रजीत गायलं, ते झोपलेल्या सिंहाचं, जगभर पोचलं, आणि लिंडा १९६२ ला गरिबीत मेला. मुलींना तडजोडीचे पैसे मिळायला २००६ उजाडलं. तुमच्या बॅनरवरचा तो सिंह, त्याच्या मागे हे आहे.

बाकी आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या सोसायटीचं, लायसन्स काढलंत का? दुसऱ्याच्या श्रेयाबद्दल निवेदन करायचं आणि स्वतः फुकट गायचं असं नको.

ग्वाल्हेरकर_५१:

विषय थोडा सोडून बोलतो. बॉयकॉट उठल्यावर साउथ आफ्रिकेची टीम पहिली आली ती भारतातच, नोव्हेंबर १९९१, पहिली वनडे कलकत्त्याला आणि दुसरी आमच्या ग्वाल्हेरला! मी रूपसिंह स्टेडियममध्ये होतो, शाळा बुडवून. आणि सायमन स्वतः जोहान्सबर्गला शो करायला गेला तो जानेवारी १९९२ मध्ये, म्हणजे आमच्या मॅचनंतर दोन महिन्यांनी. एवढंच सांगायचं होतं. चालू द्या.

दांडियाबझार_कीबोर्ड:

बापरे. मला वाटलं दोन-तीन लोक 'ऑल द बेस्ट' म्हणतील.

@टाळकरी_रावपुरा काका, पुढच्या रविवारी चार वाजता या ना, पाचही जणांना घेऊन, ज्यांना परवानगी नाही त्यांना आधी सोडू. @दरबानहून_परत ताई, फोटो काढून पाठवलेत. लायसन्सचं डोक्यातच नव्हतं, उद्या बघते. अजून एक लहानसं राहिलं, अलमध्ये मध्येच ती शिट्टी आहे ना, पेनीव्हिसल, आमच्यात एकजण बासरी वाजवतो, पण बासरीवर ते फारच राधा-कृष्ण होतंय. आणि अकॉर्डियन नाहीये, कीबोर्डवरचा अकॉर्डियनचा आवाज म्हणजे निव्वळ डोअरबेल.

बिनपडद्याचा:

बासरी आडवी, तिच्यात फुंक तूच घडवायची, म्हणून गोड होतं. पेनीव्हिसल म्हणजे आपलं अलगूज, उभं, तोंडाशी खाच कापलेलं, फुंकलं की वाजलंच. जत्रेत मिळतं ते नको, सुरात नसतं, ऑनलाइन टिन व्हिसल मागव. जोहान्सबर्गच्या रस्त्यावर पोरं तेच वाजवायची, क्वेला म्हणतात त्याला. रेकॉर्डवर मॉरिस गोल्डबर्गने वाजवलंय, तोही साउथ आफ्रिकेचाच, न्यूयॉर्कला राहणारा. ते गोड नाही वाजवायचं, जरा आगाऊपणे वाजवायचं.

अकॉर्डियनला हार्मोनियम घे. दोन्हीत धातूच्याच पट्ट्या हवेने थरथरतात, एकाच घराण्यातल्या. भाता मारण्यात डावा हात जाणार, पण 'बॉय इन द बबल' च्या सुरुवातीला भात्याचा धक्का नीट बसला तर अंगावर येईल. कपलर लाव.

टाळकरी_रावपुरा:

हार्मोनियम माझ्याकडे आहे. पण ती पांढरी दोन आहे, तुमची पट्टी कोणती?

दांडियाबझार_कीबोर्ड (सात आठवड्यांनी):

शो झाला. लोकांनी मेसेज करून विचारलं म्हणून लिहिते.

साधारण दीडशे लोक असतील, त्यातले निम्मे नातेवाईक, चाळीसेक भजनी मंडळाचे घरचे. जिराफ आम्ही फुलांच्या माळांनी झाकले, एकाचं डोकं राहिलंच वर. सुरुवात काकांनी सांगितली तशी गायनशाळा आणि इनायत खानांपासून केली, हॉलवाले पहिल्या रांगेत मान डोलवत होते, मग डेव्हिस कप, पासपोर्ट आणि तिथून बॉयकॉट, दोन्ही बाजू, साडेतीन मिनिटांत. कोणी काही बोललं नाही. मध्यंतरात त्यातलेच एक सेव-उसळ खाता खाता म्हणाले, माझ्या वडिलांच्या पासपोर्टवर होतं ते वाक्य, विसरलो होतो. प्रत्येक गाण्याआधी मी फक्त वादकांची नावं वाचली, बाकिथी कुमालो, रे फिरी, आयझॅक म्त्शाली, ज्याचं त्याचं. तिसऱ्या गाण्यापर्यंत मागची पोरं प्रत्येक नावाला टाळी द्यायला लागली, न ओळखता, क्रिकेट टीम जाहीर केल्यासारखी.

'होमलेस'. काय सांगू. तालमीत काकांची मंडळी 'ऊ' धरायची आणि चौथ्या मिनिटाला कोणीतरी सवयीने विठ्ठल विठ्ठल करायचा. शोला नाही केलं. लाइट कमी केले, आठजण चवड्यांवर उभे, पांढरे सदरे कडक इस्त्रीचे (काकूंचा आग्रह), आणि खर्ज असा लागला की माझ्या पोटात जाणवला. 'च्च' चे उच्चार शिकवताना ताईंनी मुद्दाम खूप करून घेतले होते, तर पहिल्याच इसि-च्च-अथामियाला, म्हणजे माझ्या निवेदनातच, पुढच्या रांगेतल्या एक आजी मला म्हणाल्या, काय झालं गं?

अलमध्ये बेसचा तुकडा आला तेव्हा आमच्या माणसाने पहिला अर्धा लख्ख वाजवला, दुसऱ्यात एक सूर सरळ गिळला, समेवर मात्र आला. आई दुसऱ्या रांगेत होती, तिने तो गिळलेला सूर गुणगुणला, मला ओठ दिसले. पण खरा घोळ पुढे. शिट्टी सुरू झाली आणि मागच्या चार मुली उठल्या, दोन टाळ्या, वळण, मग सहा, मग पंधरा, खुर्च्या बाजूला, गरबा चालू!! बडोद्यात ताल पक्का असला की दुसरं काही होतच नाही. आम्हाला गाणं थांबवताच येईना, शेवटचं कडवं तीनदा घेतलं, अलगूजवाल्याच्या ओठांची सालं निघाली. उलटतपासणी, तुम्ही आलात का, मागच्या दाराशी हाताची घडी घालून उभे होतात ते तुम्हीच ना? पाय हलत होता तुमचा.

उलटतपासणी:

मी बाहेरच उभा राहणार म्हटलं होतं. दार उघडं होतं.

दांडियाबझार_कीबोर्ड:

😄 @बिनपडद्याचा दादा, बेस पुसून ठेवलाय, पण ती जी तार मूळची नाही, जाड वाली, तिच्याजवळची एक भेग उघडलीये, फेविक्विक लावू का तसाच आणू? शनिवारी संध्याकाळी घरी आहात का?